जुन्या एस्टीमच्या क्रँककेसचे वायुविजन : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार. ओडोमीटर १,८७,४३०

मारुती एस्टीम, १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, पुण्यात नोव्हेंबर २००४ मध्ये नोंदवलेली गाडी. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी झाले होते. त्याची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते आहे आणि त्याआधी इंजिनाबाबत एकदाचा निर्णय करावयाचा आहे, म्हणून या नोंदी ठेवीत आहे.

तक्रारी अशा आहेत. इंजिन सुमारे १,२०० किलोमीटरला एक लिटर ऑइल खाते. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या आच्छादनाचे) पॅकिंग गेल्या वर्षीच बदललेले असूनही कडेने ऑइल पाझरते आणि त्यावर धूळ बसून काळा थर चढतो. एअर फिल्टरच्या डब्यात ज्या कोपऱ्याला ब्रीदरची, म्हणजे टॅपेट कव्हर आणि एअर फिल्टर यांना जोडणारी, नळी येऊन मिळते, तेथे फिल्टरचा कागद ऑइलने भिजलेला सापडतो. सिग्नलला उभे असताना आयडलिंग एका जागी ठरत नाही. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केले, तर आतून फुसफुसत वाफ बाहेर येते.

गॅरेजमध्ये ही वाफ दिसताच निदान झाले : “बॅक कॉम्प्रेशन मारतंय साहेब, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करून टाका.” म्हणजे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवरून वायू खाली गळतो आहे, तेव्हा इंजिन उघडून रिंगा बदला. पावणेदोन लाखांहून अधिक किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असणार, याबद्दल माझा वाद नाही. परंतु क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनांखालच्या बंद पोकळीत, दाब साठण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर रिंगांवरून खाली येणारा वायू वाढला आहे, किंवा तो बाहेर नेणारी वाट तुंबली आहे. झाकणातून येणारी वाफ पाहून या दोहोंपैकी कोणते खरे, हे सांगता येत नाही. पहिल्या कारणावरचा उपाय हजारो रुपयांचा आणि इंजिन उघडण्याचा आहे, तर दुसऱ्यावरचा काही शे रुपयांचा आणि रविवारच्या सकाळचा. तेव्हा आधी वाट तपासायची, प्रत्येक पायरीवर दाब मोजायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मगच रिंगांचा विचार करायचा, असे ठरवले आहे.

९ जून २०२४, रविवार

आज इंजिनाला पाना लावला नाही. नळ्यांचा मार्ग हाताने चाचपून कागदावर उतरवला, इतकेच काम झाले.

जळणाऱ्या मिश्रणाचा काही भाग नव्या इंजिनातसुद्धा पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरतो. त्यात न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. हे सारे खाली ऑइलच्या टाकीवर कोंडून राहिले, तर वाफेचे पाणी होते, पेट्रोल ऑइलला पातळ करते, पाणी आणि ऑक्साइडे मिळून आम्ल तयार होते आणि काही महिन्यांत ऑइलचा गाळ होतो. शिवाय दाब वाढत गेला की तो सर्वांत दुबळी जागा शोधतो. पॅकिंग, ऑइल सील, डिपस्टिकची नळी, जेथे पकड सैल असेल तेथून ऑइल बाहेर ढकलले जाते. वर्षभरापूर्वी घातलेले पॅकिंग पुन्हा का पाझरते, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

जुन्या काळी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत असत. कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या धूरक्याचे मूळ हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूर्यप्रकाश यांच्या अभिक्रियेत असल्याचे दाखवले. त्यानंतर मोटारींवर जे पहिले प्रदूषण-नियंत्रक साधन आले ते हेच. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत क्रँककेसचा वायू परत इंजिनातच जाळण्याची पद्धत रूढ झाली. एस्टीममधली व्यवस्था तत्त्वतः तीच आहे.

मार्ग दोन आहेत. एअर फिल्टरनंतरची स्वच्छ हवा ब्रीदरच्या नळीने टॅपेट कव्हरात शिरते, इंजिनातला वायू सोबत घेते आणि दुसऱ्या नळीने, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसच्या वायुविजनाची झडप), इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, ओढली जाते. ओढण्याचे काम मॅनिफोल्डचा व्हॅक्युम करतो. व्हॉल्व्हमध्ये एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग, एवढेच असते, पण त्याचे वागणे नीट समजून घेण्यासारखे आहे. आयडलिंगला व्हॅक्युम सर्वांत जास्त असतो. तो दट्ट्याला स्प्रिंगविरुद्ध ओढून धरतो, त्यामुळे वाट अरुंद होते आणि थोडाच वायू जातो, अन्यथा आयडलिंग बिघडेल. रस्त्यावर मध्यम वेगात व्हॅक्युम कमी होतो, दट्ट्या मधोमध येतो आणि वाट रुंदावते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्युम जवळजवळ उरतच नाही, आणि त्याच वेळी रिंगांवरून येणारा वायू मात्र सर्वाधिक असतो. तेव्हा जास्तीचा वायू उलट्या दिशेने ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जातो आणि तेथून पुन्हा इंजिनात. इंजिन बंद असताना, किंवा मॅनिफोल्डमध्ये भडका उडालाच तर, दट्ट्या मागे बसून वाट पूर्ण बंद करतो, म्हणजे ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोहोचत नाही.

एअर फिल्टरच्या कोपऱ्यातले ऑइल याच उलट्या प्रवाहातून येते. चढावर थोडे येणे स्वाभाविक आहे, पण कागद ओला होईपर्यंत येणे म्हणजे उलटा प्रवाह नेहमीचाच झाला आहे.

१६ जून २०२४, रविवार. ओडोमीटर १,८७,७१०

दाब मोजण्याचे साधन तयार केले. गवंडी पातळी काढण्यासाठी पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात, तसा पाइप आणून एका फळीवर इंग्रजी ‘यू’च्या आकारात ठोकला, मागे मिलिमीटरच्या खुणांचा कागद चिकटवला आणि पाण्यात निळीचे दोन थेंब टाकले. एक टोक इंजिनाला, दुसरे हवेत मोकळे. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. क्रँककेसमधला दाब इतका थोडा असतो की टायरच्या गेजवर तो दिसणारही नाही. येथे पाण्याचीच नळी हवी.

पुष्कळजण हे साधन डिपस्टिकच्या नळीला लावतात. मी ते टाळले, कारण डिपस्टिकच्या नळीचे खालचे तोंड ऑइलच्या पातळीखाली बुडालेले असेल, तर वाचन निरर्थक ठरते. जुन्या बाजारातून ऑइलचे एक जादा झाकण आणले, त्याला भोक पाडून पितळी निपल बसवली आणि नळी तेथे जोडली. चार सिलिंडरांच्या धक्क्यांनी पाणी इतके थरथरत होते की आकडा वाचता येईना, तेव्हा निपलमध्ये कापसाचा छोटा बोळा घातला. पाणी स्थिर झाले.

इंजिन पूर्ण गरम करून घेतलेली वाचने अशी. ब्रीदर जोडलेला असताना, आयडलिंगला अधिक ११ मिलिमीटर, आणि २,५०० आरपीएमला अधिक २४. अधिक म्हणजे इंजिन बाहेर ढकलते आहे. येथे उणे यायला हवे होते.

दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे. ब्रीदरची नळी एअर फिल्टरपासून सोडवून कव्हराकडचे तोंड अंगठ्याने बंद केले, म्हणजे आता वायूला जायला फक्त पीसीव्हीची वाट उरली. व्यवस्था ठीक असेल तर व्हॉल्व्ह आयडलिंगला जितका वायू ओढतो तो रिंगांवरून येणाऱ्या वायूपेक्षा जास्त भरतो आणि क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. माझ्या इंजिनात पाणी उलट दिशेने चढू लागले आणि १५० मिलिमीटर ओलांडताच मी अंगठा काढला, नाहीतर निळे पाणी फळीवरून सांडले असते. ही चाचणी दोन्ही बाजूंनी काही सेकंदांपुरतीच करावी. जास्त दाब किंवा जास्त ओढ, दोन्ही ऑइल सीलना मानवत नाहीत.

२३ जून २०२४, रविवार

रिंगांची स्थिती आताच मोजून ठेवली, म्हणजे पुढे तुलना करताना ‘तेव्हा काय होते कोण जाणे’ असे होणार नाही. चारही प्लग काढले, इग्निशन आणि इंजेक्टर यांचे कनेक्टर सोडवले, बॅटरी आदल्या रात्री चार्ज केली होती आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, घेतले. कोरडे वाचन अनुक्रमे १६४, १६८, १६१ आणि १५५ पीएसआय. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतले, तेव्हा १८२, १८४, १८०, १७८.

ऑइल टाकल्यावर आकडा वाढतो, म्हणजे गळती रिंगांवरून आहे, व्हॉल्व्हवरून नाही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे रिंग तुटलेली किंवा एखादा बोअर ओरखडलेला नाही, सगळे इंजिन सारखेच झिजले आहे. गॅरेजचे निदान अर्धे खरे ठरले. झीज आहे, पण चालत्या गाडीला हाफ इंजिनवर चढवण्याइतकी ती मला वाटत नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर येत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीलवर सध्या तरी संशय घेत नाही.

३० जून २०२४, रविवार. ओडोमीटर १,८८,०९०

पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची नळी काढली. नळी वरून ठीक दिसत होती. वाकवून पाहिली तेव्हा कडकड वाजली, आणि मॅनिफोल्डकडच्या टोकाला, खालच्या अंगाला, जेथे वरून नजर जात नाही, तेथे नखभर लांबीची आरपार चीर निघाली. आयडलिंगच्या चढ-उताराचे कारण हेच. या चिरेतून मोजदाद नसलेली हवा मॅनिफोल्डमध्ये शिरत होती, मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) दाब वाढलेला दिसत होता आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याप्रमाणे पेट्रोल देऊन आयडलिंग सावरण्याची धडपड करीत होता. शिवाय जी ओढ क्रँककेसपर्यंत पोहोचायची, तिचा काही भाग वाटेतच बाहेरची हवा खाण्यात खर्च होत होता.

व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला तर किंचित वाजला. ‘वाजला म्हणजे चांगला’ हा ठोकताळा सर्वत्र प्रचलित आहे आणि तो अर्धवट आहे, कारण वाजण्यावरून दट्ट्या सुटा आहे इतकेच कळते, स्प्रिंगचा जोर आणि वाटेचा व्यास कळत नाही. नवा व्हॉल्व्ह आणायचाच होता, म्हणून जुना वाइसमध्ये धरून करवतीने कापून पाहिला. दट्ट्यावर तपकिरी, काचेसारखा चकचकीत थर बसलेला होता, नखाने खरवडला तरी निघत नव्हता. स्प्रिंगचे खालचे तीन वेढे डांबरासारख्या गाळाने एकमेकांना चिकटलेले होते. दट्ट्या हलत होता, पण जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे तो कायम आयडलिंगच्या अरुंद वाटेवरच अडकला होता आणि रस्त्यावर वेग घेतल्यावर जी रुंद वाट उघडायला हवी ती उघडतच नव्हती. कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने असा व्हॉल्व्ह वरवर स्वच्छ दिसला असता आणि वाजलाही असता.

पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, पहिल्या दुकानात जो व्हॉल्व्ह दाखवला तो बाहेरून हुबेहूब होता, किंमतही निम्मी होती. तो घेतला नाही. पीसीव्हीमध्ये आटे आणि लांबी जुळणे पुरेसे नसते. आतल्या भोकाचा व्यास आणि स्प्रिंगचा जोर त्या इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरवलेले असतात. जास्त वायू सोडणारा व्हॉल्व्ह बसवला तर आयडलिंग बिघडते, कमी सोडणारा बसवला तर मूळ दुखणे कायम राहते. पार्ट नंबर जुळवून कंपनीचाच घेतला.

नळीबाबत मात्र दुकानदाराशी थोडी चर्चा झाली. त्यांनी रेडिएटर-हीटरच्या कामाचा पाइप पुढे केला आणि “पाण्याला चालतो तर हवेला का नाही चालणार?” असे विचारले. पाण्याच्या कामाचे पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर गरम पाणी आणि वाफ उत्तम सोसते, पण ऑइल लागले की फुगते आणि मऊ पडते, मग आतून भोक आवळत जाते. येथे ऑइल सोसणारा नायट्राइलचा पाइप हवा, आणि तोही जाड भिंतीचा, कारण पातळ भिंतीचा पाइप गरम झाल्यावर व्हॅक्युमने चपटा होतो. ब्रीदरची नळीही त्याच जातीची घेतली. क्लिपा नव्या.

२ जुलै २०२४, मंगळवार

ऑफिसातून लवकर परतल्यामुळे वाचने घेता आली. ब्रीदर जोडून आयडलिंगला शून्याच्या आसपास, २,५०० आरपीएमला अधिक ६. ब्रीदर बंद करून पाणी अधिक ४० वर जाऊन थांबले. आयडलिंग मात्र एकदम शांत झाले आहे.

सुधारणा खरी आहे, पण अपुरी. नवा व्हॉल्व्ह, नव्या नळ्या, व्हॅक्युम पुरेसा, व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवले तर टचकन चिकटते, आणि तरीही टॅपेट कव्हराच्या आत ओढ पोहोचत नाही. मग अडथळा कव्हरातच असला पाहिजे. पुष्कळांचे काम व्हॉल्व्ह बदलून येथेच संपते, आणि उरलेल्या दाबाचे खापर रिंगांवर फुटते.

१४ जुलै २०२४, रविवार. ओडोमीटर १,८८,५२०

टॅपेट कव्हर उतरवले. सकाळी पाऊस थांबलेला होता म्हणून पार्किंगमध्येच काम केले. कव्हर काढण्यापूर्वी भोवतालचा सगळा भाग ब्रशने आणि फडक्याने पुसून घेतला, कारण कव्हर उचलताना पडलेला वाळूचा कण थेट कॅमशाफ्टवर जातो.

कव्हराच्या आतल्या बाजूला, दोन्ही नळ्यांच्या तोंडाखाली, अडसराचा पत्रा असतो. कॅमशाफ्टवरून उडणारे ऑइलचे थेंब सरळ नळीत शिरू नयेत, वायूला दोन-तीन वळणे घ्यावी लागून थेंब पत्र्यावर आदळावेत आणि खालच्या बारीक भोकांतून परत हेडमध्ये निथळावेत, अशी ती रचना आहे. माझ्या कव्हरात पत्र्यामागची पोकळी गाळाने जवळजवळ भरलेली होती. टॉर्च मारून नळीच्या तोंडातून पाहिले तर पलीकडे उजेड दिसत नव्हता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बाहेर काढलेला गाळ दोन प्रकारचा होता. पत्र्याला चिकटलेला काळा आणि खडबडीत, त्यावर दह्यासारखा फिकट पिवळा थर. काळा गाळ वर्षानुवर्षांचा, पिवळा या पावसाळ्याचा. घरापासून ऑफिसपर्यंतच्या चार किलोमीटरच्या फेरीत इंजिनाचे पाणी गरम होते, ऑइल होत नाही, आणि आत साठलेली वाफ थंड कव्हरावर पाणी होऊन ऑइलशी घुसळली जाते. असा पिवळा थर झाकणाखाली दिसला की हेड पॅकिंग गेले म्हणून घाबरवणारे पुष्कळ भेटतात. कूलंटची पातळी स्थिर असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर तो बहुधा थंड इंजिनाचा आणि तुंबलेल्या वायुविजनाचा परिणाम असतो.

निथळण्याची भोके बुजल्याचा दुसरा परिणाम असा की पत्र्यामागे साठलेले ऑइल परत जाऊ शकत नव्हते आणि मॅनिफोल्डच्या ओढीबरोबर थेट सिलिंडरात जात होते. ऑइल खाण्याचा एक भाग रिंगांचा नसून या वाटेचा आहे, हे आता डोळ्यांनी दिसले.

पत्रा उपटून काढण्याचा सल्ला मला दिला गेला होता, तो मानला नाही. हा पत्रा पक्का बसवलेला असतो, काढून पुन्हा बसवताना तो सैल राहिला आणि चालत्या इंजिनात सुटून कॅमशाफ्टवर पडला, तर उरलेली सगळी चर्चाच संपते. त्याऐवजी कव्हर घमेल्यात पालथे घालून डिझेलमध्ये दिवसभर भिजत ठेवले, मधूनमधून नळीच्या तोंडातून लवचिक ब्रश फिरवला, भोकांतून तार घातली, पुन्हा भिजवले. संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्याने धुतले आणि कॉम्प्रेसरच्या हवेने दोन्ही बाजूंनी फुंकले. एका तोंडातून ओतलेले पाणी भोकांतून न अडखळता खाली येऊ लागले, तेव्हाच काम पूर्ण मानले. धुतलेले डिझेल फडक्याने गाळून पाहिले, त्यात चहाचा अर्धा कप भरेल इतका गाळ होता.

हेडच्या बाजूचा गाळ चिंधीने आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचलून घेतला, खाली ढकलला नाही. नवे पॅकिंग कोरडेच बसवले, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांच्या वळणांवर, मोहरीएवढे. सिलिकॉनची ट्यूब रिकामी करणाऱ्यांची मला भीती वाटते. आत दाबला गेलेला त्याचा दोरा सुटतो आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत, हलक्या हाताने आवळले. दाब असताना पाझरणारे पॅकिंग जास्त आवळून थांबत नाही, उलट कव्हर वाकते.

१५ जुलै २०२४, सोमवार

सिलिकॉन रात्रभर सुकल्यावर वाचने. ब्रीदर जोडून आयडलिंगला उणे ७, आणि २,५०० आरपीएमला उणे ४. ब्रीदर बंद करताच पाणी इंजिनाच्या दिशेने धावले आणि उणे १४० ला मी अंगठा काढला. रिंगा त्याच, इंजिन तेच.

२८ जुलै २०२४, रविवार. ओडोमीटर १,८८,९१०

ऑइल आणि फिल्टर बदलले. वायुविजन अनेक वर्षे तुंबलेल्या इंजिनात खालच्या टाकीतही गाळ असणार, म्हणून ‘फ्लश’ घालण्याचा मोह अनेकांना होतो. मी घातले नाही. झपाट्याने सुटलेल्या गाळाच्या खपल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसल्या, तर ऑइलचा दाबच जाईल. त्यापेक्षा चांगले ऑइल घालून ते लवकर, पंधराशे किलोमीटरला बदलायचे आणि गाळ हळूहळू विरघळू द्यायचा, हा मार्ग संथ पण सुरक्षित आहे. ग्रेड हस्तपुस्तिकेतलाच ठेवला. जाड ऑइल घातल्याने खाणे कमी दिसले असते, पण मग माझ्या मोजमापांना अर्थ उरला नसता.

पावसाळाभर आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा-पाऊण तास चालवायची, म्हणजे ऑइल पूर्ण तापून त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जाईल, आणि आता त्यांना बाहेर पडायला वाटही आहे.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

उभ्या गाडीत पूर्ण भाराची चाचणी होत नाही. म्हणून पाण्याची नळी लांब करून बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेतली आणि फळी पुतण्याच्या मांडीवर उभी धरून दिली. जुन्या कात्रज घाटाच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो म्हणाला, “काका, पाणी तुमच्याकडं सरकतंय. आठ. नऊ. थांबलं.” पाय उचलताच पाणी उणे बाजूला परतले.

अधिक ९ मिलिमीटर पूर्ण भाराखाली येणे ही या रचनेतली अपेक्षितच गोष्ट आहे. त्या क्षणी व्हॅक्युम नसतो आणि वायू ब्रीदरने एअर फिल्टरकडे जातो. ब्रीदरची नळी अरुंद किंवा तुंबलेली असती, तर हाच आकडा कितीतरी वर गेला असता. लोक पीसीव्हीकडे लक्ष देतात आणि ब्रीदरकडे दुर्लक्ष करतात, पण घाटात इंजिनाला वाचवणारी नळी ब्रीदरची आहे. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून बराच वेळ उतरल्यानंतर पुन्हा अॅक्सिलरेटर दिला, तेव्हा मागे निळा धूर दिसला नाही. व्हॉल्व्ह सीलचा मुद्दा येथे निकालात काढतो.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

ऑइल कॅच कॅन बसवा, असा सल्ला दोघांकडून आला. नळीच्या वाटेत डबा बसवून त्यात ऑइल साठवण्याची कल्पना शर्यतीच्या किंवा टर्बो इंजिनांत उपयोगी पडते. माझ्या इंजिनात अडसराचा पत्रा तेच काम करतो, फक्त तो स्वच्छ हवा. शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात असा डबा आठवड्याभरात पाणी आणि ऑइलच्या पिवळ्या लोण्याने भरतो आणि रिकामा करायला विसरले की पुन्हा तुंबण्याची नवी जागा तयार होते. स्वस्तातले जे डबे मिळतात त्यांतले काही तर वरच्या बाजूला फिल्टर लावून वायू हवेत सोडतात. ते बेकायदेशीरही आहे. पेट्रोल गाडीच्या मान्यता-चाचण्यांत, ज्या पुण्यातच एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही होतात, क्रँककेसमधून वातावरणात काहीही जाता कामा नये अशी स्वतंत्र चाचणी आहे.

याच आठवड्यात एका मित्राच्या युरोपीय बनावटीच्या गाडीला नेमके उलटे दुखणे झालेले पाहिले. त्या जातीच्या इंजिनांत दट्ट्याऐवजी रबरी पडदा असतो. तो फाटला की मॅनिफोल्डची पूर्ण ओढ क्रँककेसवर येते, इंजिनातून शिटीसारखा आवाज येतो आणि ऑइलचे झाकण ओढून काढावे लागते. त्याला पाण्याच्या नळीची फळी उसनी दिली आहे.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. ओडोमीटर १,९१,०६०

पंधराशे किलोमीटरला ऑइल ठरल्याप्रमाणे एकदा बदलले. कव्हर धुतल्यापासूनची मोजणी पाहता ऑइल आता २,१०० किलोमीटरला एक लिटरच्या आसपास जाते. एअर फिल्टरचा कोपरा कोरडा आहे. टॅपेट कव्हरची कड कोरडी आहे. झाकणाखालचा पिवळा थर शेवटच्या पावसातही पुन्हा आला नाही.

पीयूसीचे आकडेही सोबत ठेवतो. मे महिन्यात कार्बन मोनॉक्साइड ०.४१ टक्के आणि हायड्रोकार्बन ५९० पीपीएम होते, काल ०.१८ आणि २३० आले. भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे, म्हणजे गाडी आधीही उत्तीर्णच होत होती. पीयूसीच्या कागदावर विसंबलो असतो तर यांतले काहीच कळले नसते. या सुधारणेतला मोठा वाटा चिरलेल्या नळीचा असावा, असा माझा अंदाज आहे, कारण आयडलिंगचे मिश्रण तिच्यामुळेच बिघडत होते.

कॉम्प्रेशन पुन्हा घेतले : १६५, १६७, १६२, १५६. म्हणजे रिंगा होत्या तेथेच आहेत. वायुविजन सुधारल्याने झिजलेली रिंग नवी होत नाही आणि २,१०० किलोमीटरला एक लिटर हा खप अजूनही रिंगांचाच आहे. पण तेवढ्यासाठी हेड उतरवणार नाही. हाफ इंजिनचा विषय नूतनीकरणानंतर, कॉम्प्रेशनचा एखादा आकडा १४० च्या खाली गेला किंवा ब्रीदर बंद ठेवूनही ओढ तयार होईनाशी झाली तर, पुन्हा उघडेन.

मागच्या क्रँक सीलपाशी मात्र ओलसरपणा उरला आहे. अनेक वर्षे दाब सोसून सीलचे ओठ कडक झालेले असणार, दाब गेला म्हणून ते पुन्हा मऊ होणार नाहीत. थेंब जमिनीवर पडत नाही, म्हणून गिअरबॉक्स केवळ त्यासाठी उतरवत नाही. क्लच प्लेटचे काम निघेल तेव्हा सील त्याच वेळी बदलायचे, अशी नोंद सर्व्हिसच्या वहीत केली आहे.

पुढचे वेळापत्रक असे. प्रत्येक ऑइल बदलीला ब्रीदर बंद करून पाण्याच्या नळीचे वाचन घ्यायचे आणि नळी वाकवून खालची बाजू पाहायची. व्हॉल्व्ह ४०,००० किलोमीटरला, वाजो वा न वाजो, बदलायचा. टॅपेट कव्हर पुढच्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, उतरवून भोकांतून पाणी ओतून पाहायचे. त्यासाठी एक जादा पॅकिंग आताच आणून ठेवले आहे, कारण या गाडीचे सुटे भाग नाना पेठेतही दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.